जावेची साक्ष

कौशल्याबाई नालवाडीत आमच्या शेजारच्या. देवभोळी बाई, गुरुवारची आरती तिनं कधी चुकवली नाही. पण धाकट्या जावेचं, इलाचं, नाव निघालं की हातातलं ताट आपटून ठेवायची.

इला डॉक्टर होती. दवाखान्यात प्रेतांची तपासणी करायची आणि कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्ष द्यायला जायची. समन्स आलं की सासूबाई अख्ख्या आळीला सांगायच्या, "आमच्या सुनेले जजसाहेबानं बोलावलं." ती परत येईपर्यंत तिचा चहा झाकून ठेवायच्या. कौशल्याबाई सगळ्या घराचा स्वयंपाक एकटी ओढायची, तिचा चहा कोणी झाकून ठेवला नाही. हे तिनं मला इतक्यांदा सांगितलं की पाठच झालं. एका दिवाळीला इलानं आणलेली साडी तिनं इलाच्या डोळ्यांदेखत भांडेवालीला देऊन टाकली. तेव्हापासून बोलणं बंद.

अठ्ठ्याण्णव साली कौशल्याबाईच्या भावावर, महादेवरावांवर, खुनाचा खटला झाला. त्यांचा धान्याचा धंदा. भागीदार अण्णाजी गोदामाच्या जिन्याखाली मरून पडलेले सापडले, आणि त्याच सकाळी दोघांचं भांडण झालेलं. डोक्याची जखम पडून झाली की मारून, यावर सगळं अडलं होतं. त्या दिवशी ड्यूटी नेमकी इलाची होती, तपासणी तिनंच केली होती.

सासूबाई म्हणाल्या, जावेशी एकदा बोलून घे. मीही म्हटलं. कौशल्याबाई ऐकेना. "तिच्यापुढं हात नाई जोडत मी," म्हणाली आणि देवासमोर जाऊन रडत बसली.

साक्षीच्या दिवशी मी तिच्यासोबत कोर्टात होते. इलानं सांगितलं, अशी जखम पडूनही होते, मारल्यानंही होते. यातली कोणती हे शरीरावरून ठरत नाही. रिपोर्टातही तिनं हेच लिहिलं होतं. सरकारी वकील चिडले.

"आरोपी तुमच्या जावेचा सख्खा भाऊ आहे. म्हणून सांभाळून घेताय का?"

"जाऊबाई माझ्याशी कित्येक वर्षं बोलत नाहीत, साहेब," इला शांतपणे म्हणाली. "मी आणलेली साडी त्यांनी माझ्यासमोर भांडेवालीला दिली. त्यांच्यासाठी खोटं बोलावं असं आमचं काही नाही."

लोक हसले. जजसाहेब खाली मान घालून लिहीत राहिले. कौशल्याबाईचा चेहरा लालबुंद झाला होता.

महादेवराव संशयाचा फायदा मिळून सुटले. डॉक्टरांनी पक्षपात केला असं दिसत नाही, असं निकालात आलं. घरात जो तो म्हणू लागला, इलानं वाचवलं. कौशल्याबाईचा जळफळाट झाला.

"तिनं काय केलं? सांगता येत नाई, एवढंच तर सांगतलं. मी बोलत नव्हती म्हणून तिचं खरं वाटलं. मंग वाचवलं कोनं?"



पेढे तिनंच वाटले. इलासमोर सगळ्यात शेवटी ताट धरलं. इलानं पेढा घेतला आणि म्हणाली, "ताई, आता तरी बोला माझ्याशी."

"सरकार वरच्या कोर्टात गेलं तर?" कौशल्याबाई भिंतीकडे बघत म्हणाली. "पुरतं मिटू दे आधी."

सरकार काही वर गेलं नाही. अपिलाची मुदत किती असते, हे मात्र कौशल्याबाईनं वकिलांना कधी विचारलं नाही.