नळीसकट गुर्दे

मटणाच्या रांगेत माझ्यापुढे एक तरुण डॉक्टर उभी होती. "बाबूभाई, गुर्दे नळीसकट द्या. चरबीही राहू द्या."

खायला असे, लघवीच्या नळीसकट गुर्दे कुणी नेत नाही, म्हणून मी विचारलंच. ती हसली. पाठीला पेन्सिलीएवढं भोक पाडून मुतखडा काढायला ती शिकत होती. बोकडाच्या गुर्द्यात खडा घालायचा, वरून कोंबडीचं मांस गुंडाळायचं आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत सुई नेमकी खड्यापर्यंत न्यायची. पुन्हा पुन्हा.

"काल जमलं?" बाबूभाईंनी विचारलं.

"नाही. गुर्दा फाटला."

माझा हात नकळत पाठीवर गेला. तिथे अशाच भोकाचा एक बारीक व्रण आहे. खडा निघाला तेव्हा मी सर्जनना हात जोडले होते. त्यांचा हात कशावर चुकत चुकत तयार झाला असेल, हे मनातही आलं नव्हतं. माझ्या वाट्याची चूक कुठल्याशा बोकडाच्या गुर्द्याने आधीच झेलली होती.

बाबूभाईंनी सुरा पुसला. "आमचा हात चुकला तर खिमा करता येतो, मॅडम. तुमचं तसं नाही." मग न मागता आणखी दोन गुर्दे त्यांनी तिच्या पिशवीत टाकले.

"न्या. काय चुकायचं ते यांच्यावर चुकून घ्या."