ब्रेकवाला

"अगं, पाठवते ना. आमच्याकडं आत्ता एक ब्रेकवाला आहे. संध्याकाळी येईल तुझ्याकडं. अंगण, संडास, सगळं करतो."

सिडकोतल्या बंगल्याच्या हॉलमध्ये साहेबांची बायको फोनवर बोलत होती. मी तिथंच गुडघ्यांवर बसून फरशी घासत होतो. ती माझ्याबद्दल बोलत होती. हळू बोलावं असं तिला वाटलं नाही. बोलता बोलता तिनं पायानंच खुणावलं, तिकडं सरक. मी सरकलो.

ब्रेकवाला. माझं नाव तिला ठाऊक नव्हतं. माझ्या आधी आलेल्याचंही नव्हतं. तोही ब्रेकवालाच.

मी वाळूजच्या एका कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेस शॉपला होतो. ठेकेदाराचा माणूस. सलग काम दिलं तर पर्मनंट करावं लागतं, म्हणून काही महिने भरत आले की आम्हाला काढायचे. त्याला ब्रेक म्हणायचे. सकाळी शिफ्टच्या बसमधून उतरायचं, हातात डबा, अन् गेटवरचा वॉचमन पास काढून घ्यायचा. "तुमचा ब्रेक लागलाय." झालं. पगार बंद. पुन्हा घेतील की नाही ते साहेबांच्या मर्जीवर. अन् मर्जी राखायची तर ब्रेकच्या दिवसांत साहेबांच्या बंगल्यावर राबायचं. फुकट. हा तिथला रिवाज होता. कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

हा शब्द मला लहानपणापासून ओळखीचा. दौलताबादच्या घाटात एसटी उतरायची तेव्हा सगळ्या गाडीचा जीव ब्रेकवर असायचा. कारखान्यात चहाचा ब्रेक. मशीन बंद पडलं की ब्रेकडाऊन, मग साहेब लोक पळत यायचे, मशीनला हात लावून बघायचे. साहेबांचा मुलगा पुण्याला शिकायचा, त्याला कॉलेजचा ब्रेक मिळाला की घरात बासुंदी. बाईंना घरकामाचा कंटाळा आला की त्या म्हणायच्या, मला जरा ब्रेक हवाय, अन् महाबळेश्वरला जायच्या. आता टीव्हीवर बाई हसून सांगते, घेऊया एक छोटासा ब्रेक. सिनेमात एखाद्याला ब्रेक मिळाला की त्याचं नशीब उघडतं. सगळ्या जगाला ह्या शब्दात विसावा. आमच्याच वाट्याला हा शब्द आला की चूल थंड. माझं डोकं अजून भणभणतं. काढून टाकलं म्हणायची त्यांना लाज वाटते, म्हणून ब्रेक म्हणायचं. अन् आम्ही खुळे, आम्हीही तेच म्हणायचो. मी तर गावात सांगून ठेवलेलं, कंपनी मधूनमधून भरपगारी सुट्टी देते.

त्या वेळी माझ्याबरोबर हमीदचाही ब्रेक लागला होता. हमीद माझ्याच प्रेसवर. एकानं पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं काढायचा, असं आमचं जोडीचं काम. त्याचा हात चुकला तर माझी बोटं गेली असती. कधी चुकला नाही. गेटवर ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "दोघं बंगल्यावर जा." हमीदनं डबा बगलेत मारला.

"ब्रेक है ना? ब्रेक में आदमी घर बैठता. मैं नहीं जाता."

"अरे, पुन्हा घेणार नाहीत," मी म्हणालो.

"तू जा रे मियाँ. तेरे को फरशी अच्छी लगती होगी."

तो हसत गेला. मी बंगल्यावर गेलो.

मला पुन्हा घेतलं. हमीदला नाही. त्यानं लेबर ऑफिसात तक्रार केली. सरकारी अधिकारी चौकशीला आले. आदल्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, बसायला खुर्ची दिली. पहिल्यांदाच. म्हणाले, "तुझं पर्मनंटचं बघतोय मी. त्या हमीदला आपण परत कामावर बोलावलं होतं, तोच आला नाही. खरं ना?"

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी मला विचारलं. हमीद समोरच्या बाकावर होता. मी त्याच्याकडं न बघता म्हणालो, "व्हय साहेब. बोलावलं होतं त्याला. तोच आला नाय."

बंगल्यावर राबायला लावतात का, तेही विचारलं. मी म्हणालो, "नाय साहेब."

हमीदची तक्रार तिथंच संपली. बाहेर पडताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याला वाटलं, मला धमकावलंय. मला कुणी धमकावलं नव्हतं. खुर्ची दिली होती.

पर्मनंट कसलं? महिने भरत आले अन् वॉचमननं पुन्हा पास काढून घेतला. पुन्हा बंगला. पुन्हा ब्रेकवाला.

त्याच ब्रेकमध्ये आमचे आबा मला भेटायला शहरात आले. आम्ही मेंढरांमागं फिरणारी माणसं. आबा खांद्यावर घोंगडी, हातात काठी अशा वेशात कारखान्याच्या गेटवर गेले. वॉचमननं बंगल्याचा पत्ता सांगितला. विचारत विचारत आले. मी हिरवळीवर खुरपं घेऊन बसलो होतो.

"ही बी तुमची कंपनीच का रं?"

मी काय सांगणार? म्हणालो, "व्हय आबा. हिकडची बाजू."

आबांनी हिरवळीवर हात फिरवला. "लई मऊ हाय. एवढं गवत, अन् चरायला एक शेरडू नाय. कशाला ठिवलंय मग?"

मला हसू आलं. तेवढ्यात बाई व्हरांड्यात आल्या. त्यांनी आबांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"हा कोण? तुमच्यातलाच का? बरं झालं. त्यालाही एक खुरपं दे. संध्याकाळी पाहुणे आहेत, लवकर उरकेल."

आबा कधी कुणापुढं वाकले नव्हते. रानात मुक्काम पडला की पाटील स्वतः येऊन आबांना राम राम घालायचा, खतासाठी मेंढरं आमच्या वावरात बसवा म्हणून गळ घालायचा. त्या माणसानं घोंगडी कुंपणावर टाकली अन् खाली बसला. त्यांना वाटलं, पोराच्या नोकरीतलं काम आहे. आपण हात लावला तर पोराला तेवढंच हलकं. म्हातारा माणूस हसत हसत गवत उपटायला लागला.

"तिकडून सुरू कर," बाई त्यांना म्हणाल्या. "अन् ती काठी बाहेर ठेव. घाण."

मी उठलो. आबांच्या हातातलं गवत काढून घेतलं.

"आबा, उठा."

"अरं, व्हतंय की. राहू दे."

"उठा म्हणतो ना!"

बापावर मी असा पहिल्यांदा ओरडलो. ते गोंधळून उठले. बाई म्हणाल्या, "काय झालं? अर्धं राहिलंय अजून."

"माझा ब्रेक आहे, बाई. ब्रेकमध्ये माणूस घरी बसतो."

"साहेबांना सांगू का?"

"सांगा. माझं नाव पण सांगा. लक्षात ठेवा." अन् मी माझं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. मोठ्यानं. शेजारच्या बंगल्यातली माणसं बाहेर आली.

रस्त्याला लागल्यावर आबांनी घोंगडी झटकून खांद्यावर घेतली. मग म्हणाले, "ती कंपनी नव्हती व्हय?"

"नव्हती."

"मग आधीच का नाय उठला?"

आबा पुढं वारले. त्यांचा हा सवाल अजून माझ्यापाशी आहे.

कारखान्यानं मला पुन्हा घेतलं नाही. मोंढ्यात धान्याच्या पोत्यांची हमाली केली. पुढं ठेका कामगारांच्या सभांना जाऊ लागलो, बोलू लागलो. बंगल्यावरची गोष्ट सांगायचो. लोक टाळ्या वाजवायचे. हळूहळू त्या गोष्टीत नकार देणारा मी एकटाच उरलो. वाळूजची पोरं मला काका म्हणतात. येत्या सभेत माझा सत्कार ठेवलाय. बंगल्यावर जायला पहिला नकार देणारा माणूस, असं बोर्डावर लिहिणार आहेत.

हे खोटं आहे. पहिला नकार हमीदचा. बंगल्यावर मी जे वाक्य बोललो तेही हमीदचंच. अन् त्याची भाकर गेली ती माझ्या जबाबानं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. हमीद शहागंजच्या मागं राहतो, थकलाय. ईदला जातो मी त्याच्याकडं. शीरखुर्मा खातो अन् परत येतो. तो अजून विचारतो, "उस दिन तेरे को बहुत डराया होगा ना, साहब ने?" मी मान डोलावतो. इतकी वर्षं मान डोलावतोय.

आता पुरे. सभेआधी हमीदच्या घरी जाणार. कुणी डरवलं नव्हतं, खुर्चीवर बसवलं अन् मी विकलो, हे त्याच्या तोंडावर सांगणार. त्यानं दार लावलं तर लावू दे. शिव्या दिल्या तर उभं राहून ऐकणार.

मग सभेत जाणार. हार घेणार नाही. सगळ्यांसमोर हमीदचं नाव घेणार, माझा जबाब सांगणार, जसा दिला तसा. अन् पोरांना एक बजावणार. तुम्हाला काढलं की ब्रेक म्हणू नका. घरी नाही, गावात नाही, आपसात नाही. कामावरून काढलं म्हणा. कुणी काढलं, त्याचं नाव घेऊन म्हणा.