महादेवरावांचा चार लिटरचा फ्लश

महादेवराव गावंडे यांनी अकोल्यात पस्तीस वर्षं पाणी सोडलं. पाणी सोडणं ही त्यांची नोकरी. कशावरही पाणी सोडणं हा मात्र त्यांचा स्वभाव नाही. माझ्या धाकट्या बहिणीचा, दुर्गेचा, हा नवरा. म्हणजे मी त्यांची आकडसासू. आमच्याकडे जावई बायकोच्या थोरल्या बहिणीसमोर पाय पसरून बसत नाही, मोठ्यानं हसत नाही आणि पोटाखालच्या कोणत्याही विषयावर बोलत नाही. हा रिवाज कोणी काढला मला ठाऊक नाही. त्यानं आमचे तीन महिने खाल्ले, एवढं ठाऊक आहे.

महादेवराव व्हॉल्व्हमन होते. सायकलच्या दांड्याला बांधलेली छातीएवढी लोखंडी चावी घेऊन पहाटे निघायचं, रस्त्यातल्या खड्ड्यावरचं झाकण सरकवायचं, चावी खाली व्हॉल्व्हवर बसवायची आणि आटे मोजत फिरवायची. या वस्तीला सतरा आटे, त्या वस्तीला बावीस. चाळीस मिनिटांनी परत येऊन तितकेच आटे उलटे. लोक त्यांना चहा पाजत, शिव्याही घालत. कोणी दोन आटे जास्त द्या म्हणून हात जोडत. त्यांनी कोणाला अर्धा आटा जास्त दिला नाही, स्वतःच्या गल्लीलाही नाही. लोक याला इमानदारी म्हणत. दुर्गा म्हणायची, "साऱ्या अकोल्याले पाणी, अन् आपल्या घरी बादली."

मला विचाराल तर त्यात इमानदारीइतकीच भीती होती. ते मूळचे भातकुलीकडचे. तो सगळा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी भरपूर, पण तोंडात धरवत नाही. त्यांची आई मनकर्णाबाई दीड कोसावरून गोड्या पाण्याच्या दोन गुंड्या डोक्यावर आणायची. तांब्यातलं उरलेलं पाणी पोरानं फेकलं की पाठीत धपाटा. तो धपाटा सत्तरीतही त्यांच्या पाठीवर आहे.

निवृत्तीनंतर त्यांच्या हाताखाली व्हॉल्व्ह उरले नाहीत, तेव्हा त्यांनी घर ताब्यात घेतलं. नळ चौथ्या-पाचव्या दिवशी येतो. गच्चीवरच्या टाकीत रोज सकाळी काठी बुडवून ते पाणी मोजतात. तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला, आंघोळीचं अंगणाला. आठ वर्षांपूर्वी दुर्गेचे गुडघे दुखायला लागले म्हणून खाली बसायचा संडास काढून कमोड बसवला. बोअरचं पाणी खारट, त्यानं फ्लशच्या टाकीतले पार्ट खाल्ले जातात. म्हणून फ्लशला नळाचंच पाणी. महादेवरावांनी पहिल्याच दिवशी मापानं मोजलं. एका दाबण्याला दहा लिटर. ते दोन दिवस जेवले नाहीत असं दुर्गा सांगते. तिला वाढवून सांगायची सवय आहे, एक वेळ जेवले नसतील.

मग त्यांनी टाकीचं झाकण काढून आत रेतीनं भरलेल्या दोन बाटल्या उभ्या केल्या. शेजारी प्लॅस्टिकमध्ये बांधलेली अर्धी वीट ठेवली. फ्लोटची दांडी वाकवली, म्हणजे टाकी पाऊणही भरत नाही तोच पाणी बंद. दहाचे चार लिटर झाले. हा चार लिटरचा फ्लश ते लग्नात, बारशात, तेरवीत, भेटेल त्याला सांगत. "पुण्यावाल्या इंजिनेराले नाही जमत," म्हणत. मला सोडून सगळ्यांना सांगितलं.

एवढं करूनही त्यांच्या घरात कुठंतरी गळती होती. काठीवर रोज सत्तर-पंच्याहत्तर लिटर कमी भरायचे. त्यांनी सगळ्या नळांचे वायसर बदलले, भिंत फोडून दोन जोड पाहिले, शेजाऱ्यावर संशय घेतला. आठ वर्षं गळती सापडली नाही.

यंदा जानेवारीत दुर्गा परतवाड्याला एका लग्नाहून परत येताना जीपमधून उतरताना पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन अमरावतीत झालं, त्यामुळे ती माझ्याकडे आली. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले होते. पाडव्याला तिला अकोल्याला पाठवली. पाचव्या दिवशी ती तापानं फणफणत परत आली. लघवीचं इन्फेक्शन. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पिता? ती म्हणाली, दोन पेले. डॉक्टर तिच्यावर ओरडले, मीही ओरडले. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आता मी अकोल्याले जात नाही."

कारणं तिच्याकडे रोज नवी. घराला दोन पायऱ्या आहेत. ऊन फार. खाट उंच आहे. महादेवराव दर रविवारी एसटीनं येत, पिशवीत तुरीच्या शेंगा नाहीतर केळी. दाराजवळच्या खुर्चीवर अंग चोरून बसत. दुर्गेला विचारत, "काय म्हणते पाय?" ती म्हणे, "पाय काय म्हणन." मग दोघं छताच्या पंख्याकडे पाहत. चार वाजता ते उठत. एका रविवारी फाटकाशी मला म्हणाले, "ताई, तिच्या मनात नाही यायचं असं दिसून राहिलं. तसं असन तर सांगा. मी एकटा कसा राहू तिथं, त्याचा काही विचार कराव लागन." चेहरा असा, जणू घटस्फोटाचे कागद मागताहेत.

मला असल्या कोड्यांचा कंटाळा आहे. मी दुर्गेला रात्रीच्या जेवणाच्या ताटावर धरली. खूप फिरवाफिरव करून ती म्हणाली, "ते मागचं नाही चालत."

"मागचं म्हणजे?"

"मागचं माय, मागचं. बटन दाबलं तरी जात नाही."

"संडास म्हण की. सदुसष्ट वर्षांची झालीस."

तर हे होतं. पाडव्याच्या पाच दिवसांत तिनं फ्लश दाबला की सगळं जागेवर गोल फिरून परत वर. मागून बादली टाकायची तर वॉकर धरलेल्या हातांनी उचलणार कशी? आपल्यामागं नवऱ्यानं साफ करावं हे तिला मरणाहून वाईट. म्हणून पाणी पिणंच बंद केलं. हे सगळं तिनं नवऱ्याला सांगितलं नाही, आणि नवऱ्यानं मला सांगायचा प्रश्नच नव्हता.

त्यांच्या गल्लीतल्या गोपाल प्लंबरचा नंबर दुर्गेकडे होता. मी सकाळी फोन लावला. गोपाल मोकळा माणूस निघाला.

"बाई, मी तीन डाव जाऊन आलो. काका म्हणतात, आठ वर्षं मस्त चालला अन् जानेवारीत एकाएकी बिघडला. खाऱ्या पाण्यानं लाईन चोक झाली म्हणतात. मी चेंबर खोललं, स्प्रिंग मारली. काईच नाही. मंग मी एक बादली भसकन टाकली. सपाट गेलं. बादलीनं जाते अन् फ्लशनं जात नाही, तर लाईन साफ हाय. दोष वर टाकीत. पण काका टाकीले हात लावू देतीन तर ना. म्हणतात, टाकी मी बसोली, तिच्यात दोष निघूच शकत नाही."

"पोराला सांगितलं का?"

"अमोलभाऊ पुण्याहून म्हणतात, सारं काढून नवं बसवा. मी कायले बसवू? जुनं चांगलं हाय."

"आणखी काही?"

"काका एका गोष्टीनं खूश हायेत. त्यांच्या घरची गळती बंद झाली. जानेवारीपासून."

मी फोन ठेवला. मी एकोणतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पण हे समजायला तेवढं लागत नाही. फ्लश जानेवारीपासून बिघडला. गळती जानेवारीपासून थांबली. दुर्गा जानेवारीपासून घरात नाही.

रविवारी महादेवराव आले, शेंगांची पिशवी ठेवली, खुर्चीत बसले. मी पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, "महादेवराव, तुमचा संडास कसा काय आहे?"

त्यांनी पेला तसाच धरला. दुर्गेनं पदर तोंडावर ओढला आणि आतून म्हणाली, "ताई, तुले काही लाज?"

"नाही. तू बोलतेस की मी बोलू?"

मग मीच म्हटलं, "दुर्गे, तू घरी असताना फ्लश चालायचा?"

"कधीच नाही चालला," ती म्हणाली. आणि मग तिनं पदर काढला, कारण आता थांबण्यात अर्थ नव्हता. "पहिल्या दिवसापासून नाही. बाटल्या टाकल्या तवापासून मी मागून बादली टाकून राहिली."

महादेवराव खालीच पाहत म्हणाले, "कोणाच्या मागून?"

"साऱ्याइच्या. माह्या, अमोल आला तर त्याच्या, पाव्हण्याइच्या. तुमच्याबी."

"माह्याबी?"

"मंग तुमचं काय चार लिटरनं जात होतं?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. रिवाज मोडायचा तर निदान एवढी सवलत त्यांना द्यायला हवी होती.

मग महादेवरावांनी विचारलं, "बादली कोणती? लाल का निळी?"

"निळी."

निळी पंधरा लिटरची. "भरून?"

"भरून."

"अर्धीनं गेलं असतं."

"तुमी टाकून पाहाची होती."

"दिवसातून किती डाव?"

"चार. पाच. मी का मोजून राहिली?"

त्यांचे ओठ हलत होते. पाच पंधरे पंच्याहत्तर. काठीवरचा आकडा त्यांना पाठ होता. ते म्हणाले, "म्हणजे गळती नव्हती."

"मीच होती ते गळती," दुर्गा म्हणाली.

"सांगतलं कावून नाही?"

"कसं सांगू? तुमी साऱ्या सोयऱ्याइले चार लिटर, चार लिटर सांगत फिरले. नोकरी सुटल्यावर तेवढंच एक होतं तुमाले बोलाले. मी म्हटलं, बोलू द्या. हात चालत होते तोवर बादली जड नव्हती. आता नाही उचलत. तुमची टाकी तुमाले प्यारी असन तर राहा तिच्यासंग. मी ताईकडेच बरी."

 महादेवराव पाणी प्यायले, पेला पूर्ण रिकामा केला आणि दोनच्या एसटीनं गेले, शेंगांची पिशवी परत घेऊन. ती चुकून नेली असावी.

पुढचं गोपालनं सांगितलं. सोमवारी सकाळी महादेवरावांनी त्याला बोलावलं आणि स्वतःच्या हातानं टाकीचं झाकण काढलं. वीट आठ वर्षांत विरघळून प्लॅस्टिकमध्ये लाल चिखल झाला होता. थोडा खालच्या रबरी वायसरपाशी बसला होता, तो गोपालनं धुऊन काढला. बाटल्या बाहेर आल्या. आता सात लिटर. गोपाल म्हणाला, दांडी सरळ करतो, झालं. महादेवराव म्हणाले, थांब. त्यांनी जुन्या पेपरचे ओले गोळे केले, लिंबाएवढे, प्रत्येक वेळी पाच. सात लिटरला दोन गेले. दांडी किंचित वर केली, आठला तीन. नऊला चार. साडेनऊला पाचही गेले. पुन्हा केलं, पुन्हा पाचही. त्यांनी दांडी तिथंच आवळली. गोपालचे तीन तास गेले, पण तो म्हणाला, "असं काम मी पाह्यलं नाही, बाई. माणूस हुशार हाय. फक्त टाकीच्या बाहेर पाह्यलं नाही कधी."

बुधवारी त्यांचा फोन आला, दुर्गेसाठी. मी स्पीकर लावून दिला.

"झालं. गोपालले विचारून पाह्य."

"दहा केले?"

"साडेनऊ. साडेनऊनं पूर्ण जाते. दोन डाव करून पाह्यलं."

"दहा करा."

"अर्धा लिटर कायले पाहिजे पण? टेस्ट करून पाह्यलं ना मी. रोजचे पाच डाव धरले तर अडीच लिटर. महिन्याचे..."

"तुमी कागदाचे गोळे टाकले. मी का कागद खाते?"

 मी स्वयंपाकघरात गेले, तरी ऐकू येत होतं.

"त्या अर्ध्या लिटरासाठी मी इथं राहू शकते," दुर्गा म्हणाली. "ताईची ना नाही."

ना होती, थोडी. पण मी बोलले नाही.

"उद्या करतो," ते म्हणाले.

"आज."

"गोपाल आज वरूडले गेला."

"दांडी वाकवाले गोपाल लागला होता का?"

फोन बंद झाला नाही. पावलांचा आवाज आला, चिनी मातीचं झाकण घासल्याचा आवाज, मग फ्लशचा, मग बराच वेळ टाकी भरण्याचा. दुर्गा फोन हातात धरून बसली. मग ते म्हणाले, "दहा."

रविवारी ते भाड्याची गाडी घेऊन आले. वॉकर डिकीत गेला, दुर्गेला मागच्या सीटवर पाय लांब करून बसवलं. तिनं औषधांची पिशवी मांडीवर घेतली आणि ड्रायव्हरला एसी कमी करायला सांगितलं. महादेवराव पुढं बसायच्या आधी फाटकाशी माझ्याजवळ आले. नजर नेहमीप्रमाणे जमिनीकडे.

"ताई, दहा केले. पण नळ आता सहाव्या दिवशी येऊन राहिला. मे महिन्यात काय होईन सांगता येत नाही."

"मे महिन्यात पाणी संपलं तर दोघं इकडे या."

"येऊ," ते म्हणाले. गाडीकडे वळले, पुन्हा फिरले. "तुमची टाकी बाराची हाय."

"काय?"

"बारा लिटरची. मी मोजली. मागच्या महिन्यात."

"महादेवराव, माझ्या टाकीत बाटली टाकायची नाही."

"नाही नाही," ते म्हणाले आणि गाडीत बसले.

गाडी वळल्यावर मी आत गेले आणि टाकीचं झाकण उघडून पाहिलं. आत पाणीच होतं.