पडवीतला बेसबॉल

आमच्या ह्यांनी आखातातून आणलेली एकही वस्तू मला कधी नडली नाही. मिक्सर आला, टेपरेकॉर्डर आला, गुलाबी फुलांचं जाडजूड ब्लँकेट आलं. रत्नागिरीच्या उकाड्यात ते पांघरणार कोण, म्हणून अजून ट्रंकेत पडून आहे. मला नडला तो बेसबॉल.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. लग्न झाल्यापासून हे सौदीत एका कोरियन कंपनीच्या कामावर वायरमन होते. दोन वर्षांनी एकदा रजा, तीही महिना-दीड महिना. त्या खेपेला येताना मोठा रंगीत टीव्ही, त्याला जोडायचं व्हिडिओ गेमचं मशीन आणि त्यात घालायची बेसबॉलची एक कॅसेट घेऊन आले, आणि पहिल्याच रात्री जेवताना म्हणाले, "आता परत जायचं नाही." माझ्या हातातली पळी तशीच हवेत राहिली. हे वाक्य ऐकायला मी किती देव पाण्यात घालून ठेवले होते ते माझं मला ठाऊक.

बेत असा होता. रस्त्याकडची पडवी फळ्या मारून बंद करायची, आत टीव्ही आणि बाकडी ठेवायची, शाळा सुटली की पोरं येणार आणि पैसे देऊन खेळणार. गावात सिनेमे दाखवणारी व्हिडिओची दुकानं होती, पण गेमचं नव्हतं. दुकान चाललं तर हे राहणार, नाही चाललं तर पासपोर्ट पुन्हा मुंबईच्या एजंटाकडे. इतका सरळ मामला होता. पडवीतल्या केरसुण्या, सुंभ, आंब्याच्या पेट्या मी एकटीने एका दुपारात मागल्या दारी नेऊन टाकल्या.

पहिले काही दिवस झुंबड उडाली. मग नव्याचे नऊ दिवस सरले, आणि पोरांच्या लक्षात यायला लागलं की हे क्रिकेट नव्हे.

तो खेळ म्हणजे पडद्यावर एक हिरवं मैदान, एक चेंडू टाकणारा, एक बॅटवाला. आमच्या पोरांना वाटलं, यात शिकायचं काय! बॅट आहे, बॉल आहे, हाणा. पण त्यांच्या बॅटला लागून चेंडू मागे जायचा. क्रिकेटमध्ये असा चेंडू मागे गेला की चार धावा, आणि लेट कट मारला म्हणून वर शाबासकी. पोरं बाकड्यावरून उठून नाचायची. मशीन मात्र एक धाव द्यायला तयार नाही. उलट असे पहिले दोन चेंडू बॅटवाल्याचीच चूक म्हणून मांडायचं.

"ओ काका, मागनं चार गेले ना!"

"मागचा धरत नाहीत. फाउल असतो तो."

"मग ह्ये मशीन लबाड हाय."

"मशीन बरोबर आहे. खेळच तसा आहे," हे म्हणायचे आणि टीव्हीसमोर उभे राहून नियम समजावायला लागायचे. चार चेंडू बाहेर पडले तर बॅटवाल्याने न मारताच पुढे चालत जायचं, हे ऐकल्यावर एकजण म्हणाला, "फुकट? एष्टीचा पास हाय काय?" सगळी पडवी हसली. हे हसले नाहीत.

त्या कॅसेटची खोड अशी की ती फार खरी होती. चेंडू उंच उडाला की तो झेलायला आपला माणूस आपणच पळवायचा. जरा चुकलं की तो भलतीकडेच धावत सुटायचा. चेंडू टाकणारा दमायचा, मग त्याचा वेग उतरायचा. पोरं कावून म्हणायची, "गेममधला माणूस दमतो कशाला?" आणि हे अगदी अभिमानाने सांगायचे, "दमणारच! माणूस आहे तो." सौदीतल्या दुकानदाराने ह्यांना दुसरी एक सोपी कॅसेटही दाखवली होती, मोठ्या डोक्याच्या बुटक्या खेळाडूंची. ती ह्यांनी बघून परत केली होती. "पोरखेळ होता," म्हणाले. अहो, पण दुकान पोरांसाठीच काढलं होतं ना!

एकदा मी दाराआड तांदूळ निवडत बसले होते, तेव्हा ऐकलं. हे पोरांना सांगत होते. तिकडे शुक्रवारी सुट्टीला कोरियन लोक वाळू दाबून मैदान करायचे आणि बेसबॉल खेळायचे. एकदा त्यांना माणूस कमी पडला, तर त्यांनी ह्यांना हाक मारली आणि पार लांब, शेवटच्या टोकाला उभं केलं. तिथे चेंडू सहसा येतच नाही. मग दर शुक्रवारी हे तिथेच उभे. आणि एका शुक्रवारी आला चेंडू, उन्हात दिसेनासा झाला, आणि ह्यांनी तो झेलला. सगळे कोरियन धावत आले आणि ह्यांना खांद्यावर घेतलं. हे सांगताना ह्यांचा आवाज असा काही झाला होता की माझे हात थांबले. दर पंधरवड्याला ह्यांचं पत्र यायचं. हवा, तब्येत, ड्राफ्ट मिळाला का, सगळं असायचं. ह्या शुक्रवारांबद्दल त्यात कधी अक्षर आलं नव्हतं. मला वाईट वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

घरातही काही वेगळं चाललं नव्हतं. रजेवर आलेला नवरा म्हणजे पाहुणा. त्याच्यासाठी मी मिरकरवाड्यावर जाऊन पापलेट आणायचे, विहिरीचा पंप बिघडला असेल तर ते त्याला न कळवता कळशीने पाणी भरायचे, दिराशी माडांच्या आगरावरून झालेलं भांडण तो जाईपर्यंत झाकून ठेवायचे. दीड महिना घर कसं गोड चालायचं. आता हे कायमचे आले, तेव्हा रोज पापलेट कुठून आणू? कुळथाची पिठी आली, पंप आला, दीर आला, आणि माझी जीभही आली, जी रजेत मी आवरून धरत असे. हे एकदा जेवता जेवता म्हणाले, "तू आधी अशी नव्हतीस." मी म्हटलं, "आधी तुम्ही होतात कुठे बघायला?" दुरून डोंगर साजरे, एवढं कळायला आम्हाला दोघांनाही तेव्हाच वेळ मिळाला.

पावसाळ्यानंतर पडवी रिकामी पडायला लागली. मी म्हटलं, "अहो, मशीन काय मोजायचं ते मोजू दे. आपण एक पाटी टांगू. मागे गेला की चार, पाटीवर लिहायचे. पोरं खूश." ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवाला चढवायला बांगडा आणला होता. "खेळ असा बदलत नाहीत," म्हणाले. संध्याकाळी एकटेच बसून त्या लांबच्या माणसाला इकडे तिकडे पळवत राहायचे. झेल सुटला की पुन्हा पहिल्यापासून. मी दिवा लावायला जायचे तेव्हा त्यांना माझी चाहूलही लागायची नाही.

हातावर हात ठेवून बसणारी मी नव्हे. माझा भाऊ मुंबईला गोदीत कामाला होता. त्याला निरोप धाडला, तशी मोठ्या डोक्याच्या माणसांची कॅसेट मिळते का बघ. बाहेरच्या मालाच्या बाजारात त्याला ती मिळाली. दिवाळीला येताना घेऊन आला. ह्यांना सांगूनच लावली, चोरी कसली त्यात. हे म्हणाले, "लाव."

त्या कॅसेटमध्ये कसंही बटण दाबलं तरी बॅट लागायची. चेंडू आभाळात जायचा, बुटके आपले आपण धावायचे, आपले आपण झेलायचे, आउट झालेला रडायचा आणि गडी बाद केला की चेंडू टाकणारा नाचायचा. चार दिवसांत पडवीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मांडवीकडून पोरं सायकलने यायला लागली. दारात चपलांचा ढीग पडायचा. कुणी नियम विचारत नव्हतं, कुणाला गरजही नव्हती. मी त्या गर्दीकडे बघून मनात म्हटलं, झालं, राहिले हे.

हे बाहेर दगडी गडग्यावर बसलेले असायचे, रस्त्याकडे तोंड करून. एकदा मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "आपोआप झेलतात गं सगळे. मग तिथे उभं कशाला राहायचं माणसाने?"

मी म्हटलं, "पोरं हसतायत, ते बघा की."

"हसू देत," म्हणाले. रागावले नव्हते. रागावले असते तर मी भांडले असते.

माघ लागला तेव्हा एजंटाचं पत्र आलं. तीच कंपनी, तेच काम. मला वाटलं होतं हे पत्र फाडून टाकतील, पण हे आत जाऊन पासपोर्ट शोधायला लागले. मी धावत आत गेले आणि म्हटलं, "आता कशाला? दुकान चालतंय की!"

"चालतंय ना," हे म्हणाले. "तू छान चालवतेस."

आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दुःख नव्हतं, ओशाळलेपण नव्हतं. शाळेतून लवकर सुटलेल्या पोरासारखा हलका, मोकळा चेहरा. किती महिन्यांत मी तो बघितला नव्हता. बॅग भरताना हे शीळ घालत होते. जायच्या आदल्या दिवशी मी पापलेट आणलं. हे आवडीने जेवले, म्हणाले, "तुझ्या हातची चव कुठे नाही." रजेवर असताना म्हणायचे, अगदी तसंच.

एष्टी सुटली. मी घरी आले. तोवर शाळा सुटली होती आणि पोरं पडवीच्या दाराशी खोळंबली होती. "काकी, उघडा ना, किती उशीर!"

पुढे वर्षभर शेजारपाजारचे विचारत राहिले, दुकान तर तेजीत आहे, मग ह्यांना परत जायची काय गरज होती? मी कधी व्हिसा म्हणायचे, कधी पगार म्हणायचे. दुकान बुडालं असतं तर किती बरं झालं असतं. दुकानापायी गेले, असं लोकांना सांगता आलं असतं, मलाही स्वतःला सांगता आलं असतं. पण ते काही बुडालं नाही. रोज संध्याकाळी पडवी भरत होती, आणि रोज मीच ती उघडत होते.