साध्या काचेचा चष्मा

जानेफळचा निजाम म्हणजे तोंडाचा पट्टा सुटलेला माणूस. बाप पिंजारी. कापूस पिंजून, गाद्या भरून मुकाट्याने जगला आणि मुकाट्याने गेला. पोराने कापूस पिंजायच्या धुनकीला हात लावला नाही. बापाने जन्मभर गिळलेलं सगळं बोलणं जणू याच्याच वाट्याला आलं होतं. गावात कुणाशी त्याचं पटलं नाही, आणि पटावं असं त्यालाही कधी वाटलं नाही. अशा माणसाला एकच धंदा शोभतो, आणि नशिबाने तो त्याला मिळाला.

खामगावच्या अब्दुल गनीचा तंबूतला सिनेमा होता. बैलगाडीवर तंबू, यंत्र आणि गॅसची बत्ती घालून तो बाजाराबाजाराने फिरे. चित्रं मुकी. मधूनमधून पडद्यावर इंग्रजी अक्षरं येत, आणि ती वाचणारा बाजारात कोण असायचा? म्हणून पडद्याशेजारी वेताची छडी घेऊन निजाम उभा राही आणि कोण काय बोललं, कोण कुणाला फसवतो, ते सांगे. दुपारी तो बाजारात फिरून त्या गावची नावं गोळा करी. संध्याकाळी टोपीवाल्या गोऱ्या साहेबाचा पुंजाजी होई, त्याच्या मडमेची सरस्वतीबाई, आणि विलायतेची नदी म्हणजे गावचाच नाला. लोक पोट धरून हसत.

त्याच्या नाकावर चष्मा असे. अक्षरं आली की तो चष्मा वर सरकवी, डोळे बारीक करी, आणि मग बोले. "इंग्रजी वाचते बे!" असं लोक म्हणत. खरी गोष्ट अशी की निजामला इंग्रजी सोडाच, मराठी नि उर्दूसुद्धा वाचता येत नव्हती. चष्म्याच्या काचा साध्या होत्या. नवं चित्र आलं की गनी एका कारकुनाकडून सगळी अक्षरं वाचून घेई. निजाम ती एकदा ऐके आणि पुन्हा विसरत नसे. हे गनीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याची बायको खैरुन्निसा तर शेजारणींना ऐटीत सांगे की आमच्या घरी साहेबाची भाषा वाचणारा माणूस आहे.

मग गनीने मुंबईहून ते खुनाचं चित्र आणलं. एका घरातली सून नाहीशी होते. एक पोलिसवाला त्या घरी येतो. येतो आणि बसतो. दिव्याकडे पाहतो, दारातल्या ओल्या बुटांकडे पाहतो, जेवताना घरच्यांच्या हातांकडे पाहतो. घरचे त्याच्याकडे पाहतात. दुसऱ्या रिळात तळ्यात बाईचं प्रेत सापडतं. खुनी कोण ते अगदी शेवटी कळतं, आणि तेही अक्षरांत. निजामला ते चित्र फार आवडलं. या माणसाला आयुष्यात फार थोड्या गोष्टी आवडल्या, त्यातली ही एक.

अमडापूरच्या लोकांना ते आवडलं नाही. त्यांना तलवार पाहिजे होती, घोडा पाहिजे होता, निदान एखादी थप्पड तरी. "मारामारी कवा हाय बे?" "हा शिपाई निजला काय?" असं ओरडून झालं, मग ढेकळं आली, मग अर्धा तंबू उठून गेला आणि जाताना कनात फाडून गेला. निजामने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यांनी याच्याही पिढ्यांचा केला.

"मोताळ्यात लोक उठून गेले तं तू जानेफळले जाय," गनी म्हणाला. "अकोल्याले चित्रंच बोलून राह्यले आता. सांगनारा मानूस कायले पाह्यजे?"

निजामने हातातल्या छडीकडे पाहिलं. त्या छडीशिवाय तो कोण होता? पिंजाऱ्याचा पोरगा.

मोताळ्याच्या बाजारात तो नावं शोधत फिरला. मिरच्या विकत बसलेल्या एका म्हातारीपुढे बसला. शेजारच्या खेड्यातली कौशल्याबाई.

"मावशी, इथं खोल पानी कुठं हाय?"

"कायले पाह्यजे?"

"गोष्टीत बाई बुडवाची हाय."

म्हातारीचा तागडीवरचा हात थांबला. "कोनं बुडवली?"

"भासऱ्यानं. नवऱ्याच्या मोठ्या भावानं. जमिनीपायी."

"अन् सापडते काय तो?"

"हाव. शेवटी सापडते."

तिने तागडीतल्या मिरच्या परत टोपलीत ओतल्या. मग म्हणाली, "चिंचेखालची विहीर सांगजो. अन् बाईचं नाव विमल ठेव."

निजाम उठला. आभार मानायची त्याला सवय नव्हती.

तंबू अर्जुनराव नावाच्या बड्या शेतकऱ्याच्या वावरात ठोकला होता. म्हणून पुढच्या खुर्चीवर तेच बसले होते, मांडीजवळ काठी टेकून. मागे बाजारकरू, आणि कनातीपलीकडे बायका. दिवेलागणीला खेळ सुरू झाला आणि पहिल्याच रिळात अमडापूर परत आलं. "पैशे घेऊन मानूस बसलेला दाखवते काय?" "याच्यापेक्षा आमची म्हैस हालते!" गोंगाट इतका, की नावं घ्यायला निजामला सवडच मिळाली नाही. शिव्यांना शिव्या देता देता त्याचा घसा बसला. मागची एक रांग उठायला लागली.

तेवढ्यात पडद्यावर पाणी आलं, आणि पाण्यावर बाईचे केस.

"पाहा!" निजाम छडी आपटून ओरडला. "हे चिंचेखालची विहीर! अन् हे आपली विमलबाई!"

तंबू गप्प झाला. उठलेली रांग पुन्हा खाली बसली. कुणी खोकलंसुद्धा नाही. निजामची छाती फुगली. मनात म्हणाला, बसा आता, गाढवांनो. त्याने लगाम सैल सोडला. चित्रात नव्हतं तेही सांगू लागला. "भासरा सांगते का पाय घसरला! अन् गाव मान हालवते! पन शिपाई मान हालवत नाही!"

दोन रिळं तो असा रंगला. मग त्याच्या ध्यानात आलं की पडद्याकडे कुणी पाहतच नाही. सगळे पुढच्या खुर्चीकडे पाहत होते. पायाशी बसलेला एक माणूस दातओठ खात पुटपुटला, "थोबाड बंद कर बे. विमल त्याचीच भावजय होती. दोन सालाखाली त्याच विहिरीत गेली. पाय घसरला, असंच सांगतलं होतं त्यानं."

निजामने छडी खाली घेतली. शेवटचं रीळ चढवायला गनीने बत्ती मोठी केली. त्या उजेडात सगळ्यांची तोंडं दिसली, आणि त्यांत नवल कुणाच्याच तोंडावर नव्हतं. गावाला सगळं माहीत होतं. राग होता, पण तो अर्जुनरावांवर नव्हता. झाकलेलं उघडं करणाऱ्या या परक्यावर होता.

रीळ फिरू लागलं. पोलिसवाल्याने ओला बूट टेबलावर ठेवला. घरच्या तिघांकडे पाहिलं. पडदा काळा झाला आणि अक्षरं आली. निजामने सवयीने चष्मा वर सरकवला.

बायकांच्या बाजूला कोणीतरी उभं राहिलं. कौशल्याबाई. आवाज चढवला नाही तिने.

"सांग ना बापू. काय लिव्हलं हाय? माह्या लेकीले, विमलले, कोनं मारलं?"

अर्जुनरावांनी मागे वळून पाहिलं नाही. काठी उचलून मांडीवर आडवी घेतली, एवढंच.

निजामला एकेक अक्षर पाठ होतं. एकच शब्द सांगायचा होता. त्याने काठीकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहायचं टाळलं, आणि चष्मा काढला.

"मले वाचता येत नाही," तो म्हणाला. "कधीच येत नव्हतं. काचा साध्या हायेत."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग कुणीतरी खिदळलं, आणि हसू तंबूभर पसरलं, सुटका झाल्यासारखं. अर्जुनरावही हसले. "चोट्टा!" कुणी ओरडलं. "चष्मेवाला चोट्टा!" कौशल्याबाई खाली बसली. मोताळ्याचं एकही माणूस शेवटपर्यंत उठून गेलं नाही.

तरीही गनीने त्याला ठेवला नाही. वाचता न येणारा सांगणारा आता दहा गावांना माहीत होणार होता. सकाळी निजाम छडी टाकून पायी निघाला. चिंचेखालच्या विहिरीपाशी रिकामी टोपली घेऊन कौशल्याबाई उभी होती. तिला चुकवून जायला दुसरी वाट नव्हती.

"मावशी, मी गरीब मानूस," तो म्हणाला. "अन् वाचता तं खरंच येत नाही."

"काल दुपारी मले सांगतलं," ती म्हणाली, "तवा कुठं वाचून राह्यला होता तू?"

जानेफळला येऊन त्याने बापाची धुनकी खाली काढली. खैरुन्निसाने चष्मा कुठे गेला म्हणून विचारलं, तेव्हा फुटला म्हणाला. पुढे सारं आयुष्य तो त्या धुनकीमागे गप्प बसून होता. येणारेजाणारे विचारत, "निजामभाई, त्या चित्रातला खुनी कोन होता हो शेवटी?" त्यावर तो आणखी जोरात पिंजू लागे, इतका की विचारणाऱ्याच्या नाकातोंडात कापूस जाई आणि तो शिव्या देत निघून जाई.