राखणीची बंदूक

लवू परबाला कुणी शिकारी म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. "शिकारी ते मुंबयचे, जीपीतले. मी राखणदार!" मालवणजवळच्या कट्टा गावापासून दोन कोस आत, रानाला टेकून असलेल्या त्या वाडीत बंदुकीचा परवाना एकट्या लवूकडे होता, तोही शेताच्या राखणीचा. आणि त्याचा स्वतःचा एक कायदा होता, सरकारच्या कायद्याहून कडक: "शेतात इलो तो चोर, रानात आसलो तो मालक." भातात शिरलेल्या सांबरावर तो बार काढायचा, पण तेच सांबर बांध ओलांडून रानात गेलं की बंदूक खाली. पाणवठ्यावर तर नावच नको. मादी किंवा पाडस दिसलं तर नुसतं हुसकायचं. मारलेल्या जनावराचे वाटे घरटी एक, आणि लवूलाही एकच.

आता खरं सांगायचं तर गडी काही संत नव्हता. नेम बसला की त्याला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. दोन दिवस वाडीभर तीच गोष्ट तिखटमीठ लावून सांगत फिरायचा. आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

त्याची लेक मथुरा. दोनदा तिला दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोर पोटातच गेलं. तिसऱ्या वेळी लवू रवळनाथापुढे उभा राहिला. देवाला द्यायचं तर आवडीचं द्यावं म्हणतात. लवूला आवडीचं दुसरं होतं काय? "देवा म्हाराजा, माज्या चेडवाचा पोर हाती लागांदे. खुराच्या जनावरावर मी परत बार काडूचंय नाय." मथुरेला मुलगी झाली, ठणठणीत. तिचं नाव सीता ठेवलं. लवूने बंदुकीला तेल लावलं आणि ती वाशाला टांगून टाकली.

सांबरांना ही बातमी कुणी दिली देव जाणे! दोन वर्षांत कळपच्या कळप खाली उतरायला लागले, आणि पहिली धाड राधाबाईच्या शेतावर. राधाबाई म्हणजे लवूचा दोस्त शंकर, त्याची बायको. शंकर जाऊन चार वर्षं झाली होती. पदरात तीन पोरं, आणि रानाला लागून भाताचा एकच तुकडा. साठ साली भात नुकतं दुधावर आलं होतं. सांबरांनी अर्धं खाल्लं आणि अर्धं तुडवून ठेवलं.

बाई रडली नाही की भांडली नाही. ओटीवर येऊन उभी राहिली. "भावजीनू, देवाक दिलेलो सबद मोडू नकात. पन माजी पोरा काय खातली, ता तुमीच देवाक इचारा."

लवूने तिन्हीसांजेला बांधावर बसून आभाळात बार काढले. दोन दिवस सांबरं पळाली, तिसऱ्या दिवशी त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. मग तो खरंच देवाला विचारायला गेला. गुरवाने पाषाणाला दोन्हीकडे कळ्या लावून कौल मागितला. उजवी पडली तर नवसातून मोकळा, डावी पडली तर नाही. सकाळची दुपार झाली, पण एक कळी हलेल तर शपथ! गुरवाला भूक लागली, तो जेवायला निघून गेला. लवू एकटाच हात जोडून उभा राहिला. इकडे नात, तिकडे मित्राची पोरं, आणि देव गप्प.

शेवटी त्यानेच एक शक्कल काढली. फार शहाणपणाची वाटली त्याला! राधाबाईचा पुतण्या बाळा, तिशीचा, धडधाकट. त्याला घेऊन लवू मालवणच्या कचेरीत गेला. "साहेब, माझी नजर अधू झाली. परवाना ह्याच्या नावावर करा," असं धडधडीत खोटं बोलला. परतताना वाटेभर बाळाला आपला कायदा शिकवला. चोर कोण, मालक कोण. बाळा "व्हय काका, व्हय काका" करत होता.

पुढच्या साली बाळाने शेतातली तीन सांबरं मारली. तिथवर सगळं रीतीने झालं. पण दसऱ्यानंतर भात कापून झालं, मळे ओस पडले, तरी बार थांबेनात. आणि आवाज येत होता पाणवठ्याकडून. कट्ट्याच्या एसटीने मटणाची ओझी जायला लागली. एकदा लवूने बाळाच्या अंगणात मारून टाकलेली मादी पाहिली, आणि शेजारी पाडस.

"बाळा, रानातलो मालक रे तो! काय ह्या केलंस?"

बाळा चाकू पुसत म्हणाला, "काका, येवढा वायट वाटता तर बंदूक कित्याक दिलास? नवस तुमचो ऱ्हवलो, पाप माज्या माथ्यार. आता परत कायदो सांगतास?"

पोरगं उद्धट खरं, पण बोललं त्यात खोटं काय होतं? परवाना आता बाळाचा, काडतुसं बाळाची. आणि बंदूक मागून आणली तरी लवूने तिचं करायचं काय? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग तो राधाबाईकडे गेला. पुतण्या तिचं तरी ऐकेल. ओटीवर तिन्ही पोरं नवे पोहे खात होती. गालांवर मांस आलं होतं त्यांच्या. कणगी काठोकाठ भरलेली.

"येवा भावजीनू! तुमचे दोस्त गेल्यापासून पयल्यांदाच भरली ही. तुमचे उपकार कसे फेडूचे?"

लवूने तोंड उघडलं. तेवढ्यात पाणवठ्याकडे बार झाला, मग लगेच दुसरा. पोरं टाळ्या पिटत अंगणात धावली.

"बसा," राधाबाई हसून म्हणाली, "वाटो घेवनच जावा. तुमच्या सीतेक सांबराचा मटान खूप आवडता मा?"

लवू बसला.