बांगडीचा उजेड

तुरीच्या दाण्याएवढ्या जिवाला भिऊन अख्खं गाव त्याच्यावर तुटून पडेल, यावर तुमचा विश्वास बसेल का? बांगडी डॉक्टरांचा बसला नसता. माणसाला जवळून दाखवलं की तो शहाणा होतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. आमच्या गावाने ती आठवडाभरात मोडून दिली.

डॉक्टर दातांचे. देवगाव फाट्यावर त्यांचा दवाखाना होता. पेशंटच्या दातांचे फोटो काढायला त्यांच्याकडे एक रिंग फ्लॅश होता, म्हणजे कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती बसणारा गोल दिवा. तोंडाच्या अंधारात चारी बाजूंनी सारखा उजेड पडतो, सावली राहत नाही. डॉक्टर त्याला बांगडी म्हणत. कॅमेरा आणि बांगडी दोन्ही मावतील अशी एक काचेसारखी पारदर्शक पेटी त्यांनी घरीच बनवली होती. तिचे सांधे पाणी शिरू नये म्हणून कवळीच्या हिरड्या करायच्या गुलाबी मसाल्याने बुजवलेले. पेटी समोरून बघितली की वाटायचं, कुणीतरी दात काढून हसतंय. ती पेटी घेऊन डॉक्टर दर रविवारी आमच्या गावच्या बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत उतरायचे. तोंडात नळी, डोळ्यांवर चष्मा, पोट पाण्याखालच्या पायरीवर. वरून फक्त पाठ दिसायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा कुणीतरी बुडालं म्हणून मी ओरडले होते.

आमच्याकडे बांगडी हा पुरुषाला मारायचा टोमणा आहे. हे डॉक्टरांना माहीत होतं आणि म्हणूनच त्यांनी तो शब्द धरून ठेवला, असं मला वाटतं. पारावरची मंडळी विचारायची, "डॉक्टरसाब, एकच बांगडी? दुसरी कुठाय?"

"दुसरी तुझ्यासाठी ठेवलीय रे. पण ती घालून पाण्यात उतरावं लागतं. तुला आंघोळीचंच जड जायलंय."

पार हसायचा. ज्याला बोललं तोही हसायचा. गाव तेव्हा त्यांच्यावर हसत होतं, चिडत नव्हतं. तो काळ चांगला होता, असं आता म्हणावं लागतं.

त्यांचं एकच पालुपद होतं, "जवळ ये." दवाखान्यात आरशासमोर पेशंटला स्वतःची कीड दाखवतानाही तेच, बारवेतही तेच. मी त्यांच्या फोटोंखाली लिहायला मजकूर करून देत असे. एकदा त्यांनी मलाही पायरीवर पालथं झोपवलं आणि पेटी हातात दिली. मी झिंग्याचा फोटो काढला. आला तो नुसता पांढऱ्या ठिपक्यांचा, गारा पडाव्यात तसा.

"लांबून बघायलीस म्हणून गाळ दिसायलाय," ते म्हणाले. "तू आन् त्याच्यामधी जेवढं पाणी, तेवढा गाळ. बांगडी आधी त्या गाळावरच उजेड पाडती. मधलं पाणी कमी कर. जवळ जा. अजून. तुझ्या श्वासानं त्यो हालला पाहिजे."

मी गेले. भिंगाच्या टोकापासून बोटभर अंतरावर झिंगा होता, काचेचा असावा तसा आरपार, आणि त्याच्या पोटाखाली अंडी. बाजूचा दिवा असता तर एवढ्या जवळ भिंगाचीच सावली त्याच्यावर पडली असती. बांगडीने त्याला गोल कवेत घेतलं. त्याच्या काळ्या डोळ्यात एक पांढरं कडं उमटलं. डॉक्टरांच्या प्रत्येक फोटोत, डोळा असलेल्या प्रत्येक जिवाच्या डोळ्यात, हे कडं असायचं. शहरातल्या फोटोग्राफरांना तो दोष वाटतो म्हणे. डॉक्टर म्हणायचे, "असू दे. त्याला पण कळायला पाहिजे की कुणीतरी बघायलंय."

मग गावात बारव सुशोभीकरण समिती निघाली. बारव उपसायची, पायऱ्यांना फरशी लावायची, मधे रंगीत कारंजं. प्यायला नळ होता, बारवेचं पाणी कुणी पीत नव्हतं. कुणाला त्या पाण्याचा त्रास नव्हता. पण कारंज्यापुढे उभं राहून फोटो काढून घ्यायची हौस होती, आणि ती हौस आता विकास म्हणून ओळखली जाते.

मी म्हटलं, पत्रक काढू. आमच्या घरात आजोबांपासून सगळे चळवळीतले, पत्रकं छापून वाटणारे; भांडायची तेवढीच रीत मला माहीत. डॉक्टर म्हणाले, "पत्रकानं माणूस चिडतो. फोटोनं बघतो." त्यांनी बारवेतल्या जिवांचे फोटो दाराएवढे छापून घ्यायचे ठरवले. सेलूच्या फ्लेक्सवाल्याने चतुराच्या अळीचा फोटो स्क्रीनवर बघितला आणि गंभीरपणे विचारलं, "ह्या सायबाचा वाढदिवस कवा हाय? शुभेच्छुकात कुणाकुणाची नावं टाकू?" डॉक्टर पोट धरून हसले. त्यांना इतकं हसताना मी परत बघितलं नाही.

फ्लेक्स मारुतीच्या मंडपात लावले. चतुर सगळ्यांच्या ओळखीचा, लहानपणी त्याच्या मागे सगळेच पळालेले. पण त्याची अळी पाण्यात असते आणि तिचा खालचा जबडा हातासारखा पुढे येतो, हे कुणाला माहीत नव्हतं. दाराएवढी अळी, जबडा बाहेर, डोळ्यात पांढरं कडं. समोरच्या बाईने लेकराला मागे ओढलं.

"माय माय माय! हे आपल्या बारवात हाय?"

"हे एवढं नाही हो मावशी, तुरीच्या दाण्याएवढं. डासांच्या अळ्या खातं. आपल्या कामाचं हाय."

"आज दाण्याएवढं. उद्या वाढंल की!"

"वाढल्यावर चतुर होऊन उडून जातं."

"उडतं बी?" मागून एक म्हातारा म्हणाला. "मंग तर घरातच यील."

डॉक्टर समजावत राहिले. लोक माना डोलावत राहिले आणि लेकरांना मागे ओढत राहिले. त्या संध्याकाळीच तो फोटो सगळ्या मोबाइलवर फिरू लागला, वर लाल अक्षरांत 'सावधान'. दोन दिवसांनी समितीचं पत्रक आलं. 'विषारी किड्यांपासून गावाची सुटका करू या.' खाली अळी होती आणि तिच्या डोळ्यात तेच पांढरं कडं. माझ्या घरात ज्या कागदाने माणसं लढली, तोच कागद, तेवढाच आकार, आणि त्यावर डॉक्टरांचंच चित्र. समितीच्या अध्यक्षांनी सभेत वर त्यांचे आभारही मानले. "डॉक्टरसाबांनी आपले डोळे उघडले," असं ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

रविवारी सकाळी बारवेत ब्लीचिंग पावडरची पोती रिकामी झाली. डॉक्टर नेहमीच्या वेळेला पेटी घेऊन आले तेव्हा पाणी दुधासारखं होतं आणि डोळे चुरचुरत होते. काठावर मासे उलटे तरंगत होते. पायरीच्या कोपऱ्यात झिंगे साचले होते, आता आरपार नाही, उकडल्यासारखे पांढरे. ज्यांनी पोती ओतली ते नाकाला रुमाल बांधून सेल्फी काढत होते.

मी डॉक्टरांना म्हटलं, "काढा फोटो. आत्ता काढा. हा पुरावा आहे. मी उद्या छापते."

त्यांनी पेटी उघडलीच नाही. "मेलेल्याचे फोटो मी काढत न्हाई. माझं काम जित्याचं."

"मग हे विसरून जातील लोक!"

"जाऊ दे."

या नकारासाठी मी त्यांच्यावर आजही चिडलेली आहे. माझं पत्रक निघालं, पण बिनचित्राचं, आणि ते कुणी वाचलं नाही. पुरावा हातात असताना सभ्य माणसाने मान फिरवली की मारणाऱ्याचं काम सोपं होतं. हे मी त्यांना तोंडावर बोलले. ते ऐकून घेऊन गाडीला किक मारून निघून गेले.

पुढे कारंजं झालं आणि काही दिवसांतच बंद पडलं. साचलेल्या पाण्यात डास सगळ्यांच्या आधी परतले, कारण त्यांना खाणारं कुणी उरलं नव्हतं. आता समिती फवारणीसाठी निवेदन देते आहे. डॉक्टरांनी फाट्यावरचा दवाखाना बंद केला. हल्ली ते पाथरीत दुसऱ्याच्या दवाखान्यात बसतात. मी भेटायला गेले तेव्हा बांगडी एका शाळकरी मुलीच्या वाकड्या दातांवर उजेड पाडत होती. पाण्यात पुन्हा उतरणार का, असं मी विचारलं. ते हात धूत म्हणाले, "मोठं करून वर आणलं, तिथं चुकलो बघ. लोकायलाच खाली उतरवायचं होतं."

चूक त्यांची होती असं मी मानणार नाही. पण ते म्हणाले ते खरं आहे, म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या गावात बारव असेल, जुनी विहीर असेल आणि तिच्या सफाईचा ठराव ग्रामसभेत येणार असेल, तर त्या सभेला जा. मागे बसू नका. सभा मंडपात होऊ देऊ नका, पायऱ्यांवर भरवा. पावडर ओता म्हणणाऱ्या प्रत्येकाला शेवटच्या पायरीवर गुडघे टेकायला लावा आणि पाणी नाकाला लागेपर्यंत वाकून बघू द्या. मग म्हणा, आता करा हात वर.